शिमग्याला दीर घरी येतोय

ताई,

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. माझे धाकटे दीर जून २०२० पासून तुरुंगात आहेत. पेरणीच्या तोंडावर बांध कोरण्यावरून भाऊकीतल्या एकाशी बाचाबाची झाली, दिरांनी खोऱ्याचा दांडा हाणला, तो वर्मी लागला. तिसऱ्या दिवशी तो माणूस दवाखान्यात वारला. सदोष मनुष्यवधाच्या तीनशे चार भाग दोन खाली सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड झाला. आधीचे कच्च्या कैदेचे दिवस धरून आणि माफी मिळून ते शिमग्याच्या आसपास कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातून सुटतील. मधे रजेवर एकदाही आले नाहीत.

सासूबाईंना त्याच आठवड्यात सत्यनारायण घालून भाऊकीला जेवण द्यायचंय. मिस्टर म्हणतात, गावात आणायलाच नको, परस्पर भोसरीला मावसभावाकडे पाठवू. पुतण्या तेव्हा चार वर्षांचा होता, आता चौथीत आहे. पप्पा दुबईला आहेत असं त्याला सांगून ठेवलंय. ज्यांचा माणूस गेला त्यांचं घर आमच्यापासून तीन घरं सोडून. त्या बाईची माझी रोज नळावर गाठ पडते, पण बोलणं नाही. २०२१ ला सासूबाईंना करोना झाला तेव्हा तिने पोराच्या हाती ऑक्सिमीटर पाठवला होता, तेवढंच. कोर्टकचेरीत आमचे वीस गुंठे गेले.

आणि घरात कुणालाच न बोललेली गोष्ट: मला दिरांची भीती वाटते. त्या दिवशी ते प्यालेले नव्हते, म्हणून जास्त वाटते.

– एक वहिनी

*

वहिनी,

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं पत्र तुम्ही ती ओळ लिहिता यावी म्हणून लिहिलंय असं मला वाटलं. पाच-साडेपाच वर्षं तुम्ही त्यांच्या आईचं केलंत, त्यांच्या पोराचे डबे भरलेत, वकिलाच्या पायऱ्या झिजवल्यात. एवढं करूनही भीती उरली असेल तर ती असू द्या, तिची लाज नको. दारू असती तर ‘दारू सोडव’ म्हणता आलं असतं. नुसत्या रागाला काय सोडवायचं, हा तुमचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे.

त्याआधी त्यांनी घरात कधी हात उचलला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत नसेलही. जावेला असेल. आणि इथे मला जरा रागानेच विचारावंसं वाटतं, की तुमच्या पत्रात सासूबाईंचं म्हणणं आहे, मिस्टरांचं आहे, तुमचं आहे. ज्या बाईचा नवरा येतोय तिचं कुठे आहे? तिला तो घरी हवाय, भोसरीला हवाय की नकोच आहे? एखाद्या दुपारी दोघीच निवडायला-टिपायला बसा आणि विचारा. पूर्वी मारहाण झाली असेल तर माझा पुढचा अर्धा सल्ला बदलतो. मग पहिले काही महिने त्यांनी वेगळं राहणंच बरं आणि तसं स्पष्ट ठरवूनच त्यांना आणावं.

मारहाण नसेल, एका सकाळी एका बांधावर जे झालं तेवढंच असेल, तरी एक गोष्ट आधी बोलून घ्यायला हवी. मिस्टरांनी पुढच्या मुलाकातीला जाऊन भावाला तोंडावर सांगावं: घरात हात उगारायचा नाही, बायकोवर नाही, पोरावर नाही, कुणावरच नाही, राग आला तर उठून बाहेर जायचं आणि तू गेलास तर आम्ही मागे येणार नाही. हे तिथेच सांगायचं. घरी आल्यावर पहिल्या ताटावर बसवून सांगितलं तर तो अपमान होतो, तिथे सांगितलं तर तो करार होतो. आणि तुमच्या फोनमध्ये ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन नंबर असू द्या. कुणाला दाखवायची गरज नाही.

आता सत्यनारायण. सासूबाईंच्या मायेपुढे मी काय बोलणार, पण शिऱ्याचा वास तीन घरं सहज जातो, वहिनी. जिचा नवरा परत येणार नाही तिने तो वास घेत संध्याकाळचा स्वयंपाक करायचा, हे बरं नाही. शिवाय ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस पन्नास पाहुण्यांच्या मधोमध बसून काय करेल? कुणाच्या नजरेला नजर देईल? पूजा श्रावणात घाला, घरातल्या घरात, भोंगा न लावता. सुटकेच्या दिवशी मिस्टर आणि जाऊबाई, दोघांनीच कळंब्याला जावं. पोराला नेऊ नका. जीप भरून मित्रमंडळी तर अजिबात नको, आणि फुलांचा हार हा विषय कुणी काढला तर मिस्टरांना माझ्या वतीने सांगा की हार घालण्यासारखं यात काही झालेलं नाही.

मिस्टरांचं भोसरीचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गाव सोडून राहण्यात शहाणपण असू शकतं, पुढे तेच ठरेलही. फक्त तुरुंगाच्या फाटकातून सरळ भोसरीच्या खोलीत, हे नको. सहा वर्षांनी सुटलेल्या माणसाला आईच्या हातची भाकरी मिळायच्या आत एसटीत बसवलं, तर त्याला जे कळायचं ते कळतं. महिनाभर घरी राहू द्या, मग त्यांना विचारून ठरवा. रानातल्या खोलीत ठेवू, म्हणजे गल्लीत दिसणार नाहीत, असाही विचार घरात निघेल. तर बांध तिथेच आहे, हे विसरू नका.

आणि त्या बांधाचं पुढे काय झालं? हेही पत्रात नाही. माणूस गेला, माणूस तुरुंगात गेला, वीस गुंठे गेले, आणि बांध बहुतेक आहे तिथेच वाकडा आहे. पुढच्या जूनमध्ये परत पेरणी आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज आजच करा, फी भरा, शेजाऱ्यांना रीतसर नोटीस जाऊ द्या आणि मोजणी होऊन खुणेचे दगड लागतील तेव्हा दीर तिथे नसतील असं बघा. जमिनीचा दावा चालू असेल तर आधी वकिलाला विचारा. मोजणीत चार फूट तुमचे निघाले तर काय करायचं, हे मिस्टरांनी आताच मनाशी ठरवून ठेवावं. मी असते तर सोडून दिले असते. पण माझं पोट त्या रानावर नाही, म्हणून हे बोलणं मला सोपं आहे.

माझ्या मोठ्या मामांची गोष्ट सांगते. ते एका सोसायटीचे सचिव होते, पैशांची अफरातफर केली आणि दोन वर्षं आत जाऊन आले. मी तेव्हा साधारण तुमच्या पुतण्याएवढीच. मामा आले त्या दिवशी मामीने फडताळातला पैशांचा डबा उचलून कपाटात कुलपात ठेवला. कुणी काही बोललं नाही. पण फडताळात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर डब्याचा गोल डाग राहिला होता, आणि मामा पाणी प्यायला आले की तो डाग बघत. सगळ्या घराला दिसायचं. महिन्याभराने आजीने कपाटाची किल्ली मागून घेतली, डबा परत त्या डागावर ठेवला आणि मामांना म्हणाली, यातले पैसे घे आणि तेल आण. मामांनी तेल आणलं, दुकानातल्या पुडीच्या कागदावर हिशोब लिहून उरलेली चिल्लर आजीपुढे ठेवली. त्यानंतर आजी जाईपर्यंत, दहा-बारा वर्षं, ते आठ आण्यांचाही हिशोब लिहून तिच्यापुढे ठेवत. आजीला वाचता येत नव्हतं. हे चांगलं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण डबा काढून ठेवणं वाईट होतं, एवढं तेव्हाही कळलं होतं.

तुमच्या घरातला डबा म्हणजे खोरं. ते लपवून ठेवाल असं मला वाटतं. रोजच्या जागी राहू द्या.

तुरुंगातून आलेल्या माणसाच्या काही गोष्टी तुम्हाला विचित्र वाटतील, त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. आत संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच उरकतं आणि दिवस मावळायच्या सुमाराला मोजणी होऊन बराकीला टाळं लागतं. त्यामुळे पाचलाच भूक लागेल आणि तुम्ही साडेआठला ताट वाढाल तेव्हा ते दोन घासही खाणार नाहीत. त्यात तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही. बराकीत रात्रभर दिवा असतो. घरातल्या काळोखात झोप येणार नाही, बाहेरचा बल्ब चालू ठेवा. गादीपेक्षा खाली घोंगडीवर बरं वाटेल. या सदरामुळे ओळख झालेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं, की सुटून आल्यावर कितीतरी दिवस ते बंद दारापुढे नुसते उभे राहत, कुणीतरी उघडेल म्हणून. बायको आतून ओरडायची, अहो ढकला की! इतकी वर्षं स्वतःच्या हाताने दार न उघडलेला माणूस आहे तो. ‘चहा घेणार की कॉफी’ असं विचारलं तरी क्षणभर गोंधळतील. तरी विचारत राहा. आंघोळ कधी करायची, भाजी कुठली आणायची, कुठला शर्ट घालायचा, हे बारीकसारीक त्यांचं त्यांना ठरवू द्या आणि उशीर लागला तर पुढे होऊन ठरवून टाकू नका. आपल्याकडच्या बायकांना हे सगळ्यात जड जातं, मलाही जातं.

झोप महिना-दीड महिना लागलीच नाही, बोलणं बंद झालं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असलं काही तोंडून आलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो.

पुतण्याचं. दुबईची गोष्ट बंद करा, आणि ते यायच्या आधी करा. चौथीतल्या पोराला गावातली बाकीची पोरं केव्हाच सांगून मोकळी झालेली असतात; तो घरात विचारत नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तो तुम्हाला सांभाळून घेतोय. आणि दुबईहून येणारा बाप बॅग घेऊन येतो, कळंब्याहून येणारा पिशवी घेऊन. पोराला तेवढं दिसतं. त्याच्या आईनेच सांगावं, तुम्ही किंवा आजीने नाही. साध्या शब्दांत: पप्पांचं शेतात भांडण झालं, पप्पांनी मारलं, त्यात ते काका वारले. ते चूक होतं. कोर्टाने शिक्षा दिली, ती पप्पांनी भोगली, आता ते घरी येतायत. आम्ही तुला खोटं सांगितलं, तेही चूक होतं. ‘त्यांचीच चूक होती’, ‘आपल्याला अडकवलं’ असलं काही त्यात घालू नका. पोर उद्या शाळेत त्या घरच्या पोराशेजारी बसणार आहे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांमध्ये कैद्यांच्या मुलांसाठी गळाभेट नावाचा कार्यक्रम होत आला आहे, त्यात मधे जाळी-काच नसते, पोराला बापाच्या शेजारी बसता येतं. सुटकेआधी तसा काही दिवस आहे का, मुलाकातीला गेलात की चौकशी करा. पहिली भेट घराच्या उंबऱ्यावर, सगळ्यांच्या देखत होण्यापेक्षा ती बरी. आणि पोराने पहिले दिवस लांब राहायचं ठरवलं तर ‘जा, पाया पड’ म्हणून ढकलू नका.

आता कागद. दंड भरलाय का, हे आधी बघा. न भरलेल्या दंडापायी वाढीव कैद भोगावी लागते आणि ऐन वेळी सुटका पुढे जाते. भरायची ऐपत नसेल तर २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची योजना आहे, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० वर विचारा. तिथे फी लागत नाही. सुटताना मिळणारा दाखला जपून ठेवा, त्याच्या चार झेरॉक्स काढा. शिक्षा पूर्ण करून सुटलेल्याला ठाण्यात रोज हजेरी लावावी लागत नाही, काही अट असलीच तर ती कागदावर लिहिलेली असेल. तोंडी धमकावणी म्हणजे अट नव्हे. आत केलेल्या कामाची मजुरी खात्यावर जमा असते, ती मागून घ्या. फार नसेल, २०२३ च्या वाढीनंतरही ती दिवसाला शंभराच्या आतच होती. पण ते सहा वर्षांतले त्यांच्या स्वतःच्या कष्टाचे पैसे आहेत, त्यातून त्यांनी आईला लुगडं घ्यायचं म्हटलं तर घेऊ द्या, ‘आता कशाला खर्च’ म्हणू नका. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं, केवायसी करून ते चालू करावं लागेल. सिमकार्ड गेलेलं असणार. रेशनकार्डावरचं नाव बघा. मतदार यादीतून नाव उडालं असेल तर सहा नंबरचा फॉर्म भरा: तुरुंगात असताना मत देता येत नाही, बाहेर आल्यावर येतं, आणि हे कित्येक सुटलेल्यांना ठाऊकच नसतं.

कामाचं अवघड आहे, ते गोड करून सांगत नाही. सरकारी नोकरीचा विचार सोडा. एमआयडीसीत ठेकेदारसुद्धा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतो, सिक्युरिटीवाल्यांकडे तर त्याशिवाय पान हलत नाही. लपवून लागायचं आणि चार महिन्यांनी कुणीतरी फोन करून सांगायचं, हे होतंच. त्यापेक्षा ओळखीतल्या एखाद्या मालकाला आधी खरं सांगून मिळालेलं कमी पगाराचं काम टिकतं. आत ते काय शिकले ते विचारलंत का कधी? कळंब्यात कैदी शिवणकाम करतात, विणकाम करतात, काही वर्षं तर अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू तिथेच वळले जायचे. शिलाईचं मशीन घ्यायचं, पिठाची गिरणी टाकायची असं काही डोक्यात असेल तर साताऱ्याला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जिल्हा परिविक्षा अधिकारी असतात, त्यांना भेटा. बायका-मुलांचं खातं म्हणून पुरुष तिकडे फिरकत नाहीत, पण सुटलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनाचं कामही त्यांच्याकडेच आहे. भोसरीऐवजी मुंबई-ठाण्याकडे जायची वेळ आली तर तिथे टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ १९९० पासून याच लोकांसोबत काम करतोय.

मिस्टरांना एक आठवण करून द्या. तुमच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. भिंत नाही, कुलूप नाही, खून केलेले कैदी बायकामुलांसकट राहायचे, शेती करायचे. ती वसाहत आता सांगली जिल्ह्यात येते, आणि अजून आहे. राजाने खुन्यांच्या हातात विळा-खुरपं दिलं होतं. तुम्हाला नुसतं खोरं जागेवर ठेवायचंय.

वीस गुंठ्यांचा हिशोब एका वहीत लिहून काढा: वकिलाला किती, जामिनाच्या खटपटीत किती, कुणाकडून उसने आणले, कुणाचे फेडायचे राहिले. वही तयार ठेवा, पण पहिले दोन महिने उघडू नका. भांडणात तोंडाने फेकलेला आकडा आणि शांतपणे दाखवलेली वही यांत फार फरक पडतो. सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे तसंच आहे, आणि वाटणीचा विषय मिस्टरांच्या मनात घोळत असणार, भोसरीच्या घाईत तो थोडा मला दिसतोय. दिसला तो चुकीचा असेल तर माफ करा.

राहिली ती नळावरची बाई.

ते येणार हे तिला आधी कळलं पाहिजे. एके सकाळी हंडा भरता भरता मान वर केली आणि तो समोर, असं तिच्या बाबतीत होऊ देऊ नका. पोलीस पाटलांच्या कानावर घाला, त्यांनी तिच्या दिराला-भावाला सांगावं, हे करायचंच. पण निरोप तुम्हीही द्या, कारण रोज भेटणाऱ्या तुम्ही दोघीच आहात. एवढंच बोला: अमक्या तारखेला ते येणार आहेत, तुमच्या दारावरून जाणार नाहीत, वरच्या बोळाने जातील. दिरांकडूनही तसं कबूल करून घ्या, वर्षभर वळसा पडला तरी चालेल. माफी मागू नका, ती तुमची नाही. दिरांनाही पहिल्या महिन्यात तिच्या दारात पाया पडायला पाठवू नका. दारात आलेल्याला हाकलायचं की नाही हे तिने सगळ्या गल्लीच्या देखत ठरवायचं, ही दुसरी शिक्षा तिला कशाला? तिने उत्तर दिलं नाही तर हंडा उचला आणि घरी या. ती शिव्या देईल, तर ऐकून घ्या आणि मग घरी या.

तो ऑक्सिमीटर परत केला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरातच पडून असेल तर त्यात नवे सेल घाला आणि जाताना सोबत न्या.